फोननं लावलेला फोन

बिघाड हा संसर्गजन्य रोग आहे आणि तो माणसांपेक्षा वस्तूंना लवकर होतो, यावर माझ्या इंदूरच्या घरमालकांची जेवढी श्रद्धा होती तेवढी दुसऱ्या कुणाची देवावरसुद्धा असलेली मी पाहिली नाही. इंदूर सोडून मला आता काही वर्षं झाली. तरी अजून घरात नवी वस्तू आली की ती जुन्या वस्तूच्या शेजारी ठेवताना माझा हात क्षणभर अडखळतो. हे त्यांचं देणं आहे, आणि ते कुणाला समजावून सांगता येत नाही.

सांगलीहून मी भंवरकुआंच्या बाजूच्या एका कॉलेजात कंप्यूटर शिकवायला गेले आणि राजेंद्र नगरात खोली शोधत फिरत होते, तेव्हाची गोष्ट. बाकीच्या घरमालकांनी मला काय खाता, किती वाजता परतता, कोण कोण येणार, असे नेहमीचे प्रश्न विचारले होते. मी पुढे ज्यांच्याकडे राहिले त्या काकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडमजी, तुमच्या आधीच्या मकानात काय काय खराब होतं?" मी गोंधळून सांगितलं, नळ गळायचा आणि पंखा आवाज करायचा. "पंखा त्यांचा की तुमचा?" माझा, टेबलफॅन, म्हटलं. काकांचा चेहरा गंभीर झाला. खोली मिळाली, पण माझा पंखा पहिले काही दिवस त्यांच्या व्हरांड्यात राहिला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते त्याच्यासमोर बसत आणि डॉक्टर छाती तपासतो तसा कान पुढे करून ऐकत. शेवटी एके दिवशी तो त्यांनी स्वतः उचलून वर आणून दिला. "त्याला काही नाही," म्हणाले. "खराब पाटावर ठेवलेला होता. संगतीनं आवाज करून राहिला होता."

वीज मंडळात त्यांची सगळी नोकरी लाइनवरचे फॉल्ट शोधण्यात गेली होती. माळव्यातल्या काळ्या चिखलातून, खांबामागून खांब, ते आणि त्यांची माणसं बिघाड हुडकत हिंडत. त्याची एक पद्धत असते, ती त्यांनी मला पुष्कळदा समजावून सांगितली. लाइन मधोमध तोडायची, एक अर्धी चालू करायची. ती नीट चालली तर फॉल्ट उरलेल्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं परत अर्धं. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे लाइन राहिली नाही, पद्धत राहिली, आणि ती त्यांनी घरादाराला लावली. पोट बिघडलं की ते औषध घेत नसत, तपास सुरू करत. आज पोहे चालू, शेव बंद. उद्या शेव चालू, पोहे बंद. काकू म्हणायच्या, "पोट बरं होतं, पण कशामुळे बरं झालं ते यांना कळत नाही. म्हणून परत दोन्ही खातात." नवा फ्रिज आला तेव्हा जुन्या मिक्सरच्या बोर्डावर तो जोडायला त्यांनी साफ नकार दिला. नव्या चपला ते जुन्या चपलांपासून लांब, तुळशीच्या बाजूला काढत, कारण जुनी चप्पल नवीला वाकडं चालायला शिकवते असं त्यांचं निरीक्षण होतं. "फॉल्ट मरत नाही, मॅडमजी," ते मला जिन्यात गाठून सांगत. "तो फक्त ट्रान्सफर घेतो."

असा माणूस, आणि त्याच्या वाट्याला फोन आला होता तो असा की ज्यात सगळ्या जगाचे फॉल्ट एकत्र राहायला आले होते. याचं कारणही काकांनी शोधून काढलेलं होतं. पहिला साधा फोन जाऊन हा मोठ्या काचेचा फोन आला तेव्हा एका दुकानदारानं जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नव्यात ओतलं होतं. त्यामुळे गॅसवाला त्यात चार वेळा होता, सख्खी बहीण तीन वेळा, आणि त्या तिघींपैकी एकच फोन उचलायची. दुपारी मध्येच एक गजर वाजायचा. तो कुणी लावला, कशासाठी लावला, आणि बंद कुठून करायचा, हे घरात कुणालाच मालूम नव्हतं. काकूंनी त्यावर आपला तोडगा काढला होता. गजर झाला की त्या उठून चहाचं आधण ठेवायच्या. टॉर्च आपोआप लागायचा. एकदा कॉलनीत कीर्तन होतं, बुवा निर्गुणावर बोलत होते आणि पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेल्या काकांच्या छातीतून, खिशाच्या पांढऱ्या कापडातून, अचानक लख्ख उजेड पडला. बुवा बोलायचे थांबले. मागच्या एक-दोन बायकांनी हात जोडले. टाइप करण्याचं तर विचारूच नका. कॉलनीच्या ग्रुपवर सेक्रेटरीनं 'उद्या पाणी येणार नाही' असं कळवलं, त्यावर काकांनी सभ्यपणे 'ठीक' असं उत्तर दिलं, आणि फोननं ते 'ठोक' करून पाठवलं. सेक्रेटरी त्यानंतर बरेच दिवस आमच्या गेटासमोरून न जाता लांबून वळसा घालून जात असत.

पण या सगळ्या किरकोळ तक्रारी. खरा आजार निराळा होता. त्या फोनच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात कुणी बोट न लावता बोट लागल्यासारखं व्हायचं. आमच्या क्षेत्रात याला घोस्ट टच म्हणतात, भुतानं हात लावावा तसं. काका पेपर वाचत असायचे, फोन समोर टेबलावर उताणा पडलेला असायचा आणि तो आपला आपण कुणाला तरी लागायचा. कुणाला तरी म्हणजे नेहमी एकाच माणसाला. सारखे फोन जातात त्या नावांत सगळ्यात वर, नेमकं त्या कोपऱ्यात, एक नाव बसलेलं होतं. फोन त्याला लागायचा म्हणून ते वर राहायचं, आणि वर राहायचं म्हणून फोन त्यालाच लागायचा. ते नाव काकांनी स्वतःच्या हातानं टाकलेलं होतं: 'लालबाग उचलू नये'.

हे इंदूरच्या लालबाग महालाच्या मागच्या बाजूला राहणारे काकांचे जुने मित्र. दोघांनी एकाच दिवशी नोकरी धरली, एका जीपमध्ये माळव्याची धूळ खाल्ली, एका डब्यातलं जेवण वाटून घेतलं. काकांच्या निवृत्तीच्या समारंभात हे मित्र भाषणाला उभे राहिले. त्यांनी एक जुना किस्सा सांगितला. पावसाळ्यात काका एका लाइनवर दिवसभर फॉल्ट शोधत फिरले, खांबन् खांब पाहिला, आणि संध्याकाळी कळलं की सकाळी त्यांनी स्वतःच काढलेला फ्यूज परत बसवायचा राहून गेला होता. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. काकाही हसले, घरी आले आणि त्या दिवसापासून त्या माणसाशी बोलले नाहीत. ही हकिकत मला काकूंनी सांगितली. मी विचारलं, "खोटं सांगितलं का त्यांनी?" काकू गहू निवडत होत्या. "खोटं असतं तर एवढा राग आला असता का?" त्या म्हणाल्या.

तर असं हे कडक अबोला धरलेलं प्रकरण, आणि फोन मात्र आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना लागायचा. फॉल्टी वस्तू कानाला लावू नये म्हणून काका स्पीकरवरच बोलत, त्यामुळे वर माझ्या खोलीत मला दोन्हीकडचं ऐकू येई. पलीकडचा आवाज मोठा भरदार होता, भाषणाला उभं राहायच्याच लायकीचा.

"मी केला नाही," काका सुरुवात करायचे.

"मग कोणी केला?"

"फोननं केला."

"बरं. मग फोनला विचार, काय काम होतं."

"काम काही नाही. तू ठेव."

"मी का ठेवू? लावला तुझ्या फोननं, ठेवायचा तू."

कुणी ठेवायचा यावरून सुरू झालेलं बोलणं मग गुडघ्यांवर जायचं, मेट्रोच्या खोदकामावर जायचं, कुठल्या दुकानाची कचोरी आता पहिल्यासारखी राहिली नाही यावर जायचं, साहेब लोकांपैकी कोण कोण गेले इथे थोडं थांबायचं, आणि माझा चहा होऊन कप धुऊन झाला तरी चाललेलं असायचं. शेवटी काका आवाज चढवून बजावायचे, "हे बघ, हा फोन मी केलेला नाहीये, ध्यानात ठेव," आणि ठेवून द्यायचे. मग दिवसभर प्रसन्न असायचे आणि येईल जाईल त्याला सांगायचे की या फोननं जीव नकोसा केलाय, ज्याचं तोंड पाहू नये त्यालाच लागून राहतो. लालबाग राजेंद्र नगरापासून काही परमुलखात नाही, रिक्षानं सहज जाता येतं. पण इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं, आणि त्या बाजूनं कधी एकही फोन आला नव्हता. त्यांच्या फोनला बिचाऱ्याला काही झालेलंच नव्हतं.

दिवाळीला हैदराबादची मुलगी आली आणि वडिलांसाठी नवा फोन ठेवून गेली. खोका काही दिवस देवघराशेजारच्या फडताळात बंद राहिला. मग एका रविवारी काकांनी मला खाली बोलावलं. नवा फोन आतल्या खोलीत होता, जुना बाहेर व्हरांड्यात. "मॅडमजी, यातलं सगळं त्यात न्यायचंय," ते हळू आवाजात म्हणाले, जसं काही जुना फोन ऐकून राहिला होता. "पण याचा एकही फॉल्ट तिकडे जायला नको."

मी म्हटलं, हल्ली सोपं असतं. दोन्ही फोन शेजारी ठेवायचे, सगळं आपोआप जातं.

"शेजारी ठेवायचे?" काकांनी विचारलं. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांच्या मनात त्या क्षणी जी शंका आली ती त्यांनी लपवली नाही.

मग मी दुसरा रस्ता सुचवला. सगळं क्लाउडमध्ये असतं, तिथून उतरवू. हा क्लाउड म्हणजे ढगच ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "अख्खी नोकरी केली, मॅडमजी. ढग आले की फॉल्ट आलाच."

शेवटी त्यांच्या पद्धतीनं करायचं ठरलं, आणि खरं सांगायचं तर ती काही चुकीची पद्धत नव्हती. जुन्या सवयी, जुन्या सेटिंग काही घ्यायच्या नाहीत. नवं खातं उघडायचं. लागतील तेवढीच अ‍ॅप ताजी घालायची. फोटो आधी माझ्या लॅपटॉपवर उतरवून, पाहून, मग पुढे द्यायचे. एक गोष्ट नेली की एक दिवस थांबायचं, फोन नीट चालतोय ना बघायचं, मग दुसरी. फोटो गेले, दिवस गेला, काही बिघडलं नाही. गाणी गेली. काका रोज संध्याकाळी माझी वाट बघत गेटाशी उभे असायचे आणि लाइनवरचा रिपोर्ट द्यावा तसं सांगायचे, "सेक्शन चोख आहे. पुढचं चालू करा."

सगळ्यात शेवटी नावं आणि नंबर. ते आपोआप न्यायचे नाहीत, एकेक विचारून हातानं घालायचे, असा त्यांचा हुकूम होता. मी नाव वाचायची, ते म्हणायचे, घ्या किंवा सोडा. गॅसवाला एकदाच घेतला. बहीण एकदाच घेतली. एक प्लंबर सोडला, कारण त्यानं बसवलेला नळ तिसऱ्याच दिवशी गळला होता. एका नावाशी ते थांबले. "हे वारले," म्हणाले. मी सोडू का विचारलं. "नको, घ्या. माणूस सरळ होता. त्याचा काही फॉल्ट नव्हता." अशी बरीच वारलेली माणसं त्या दिवशी आम्ही नव्या फोनमध्ये नेली. प्रत्येकाबरोबर एखादी गोष्ट निघायची, कुणाच्या सायकलची, कुणाच्या लग्नातल्या भांडणाची, आणि काकू आतून एखादं राहिलेलं वाक्य पुरवायच्या.

मग मी वाचलं, "लालबाग उचलू नये."

स्वयंपाकघरात काकूंचा पोळपाटावरचा आवाज थांबला.

"घेऊ?" मी विचारलं.

"ज्याच्यामुळे दिक्कत, तेच परत न्यायचं का?" ते खिडकीकडे बघत म्हणाले. "सोडा."

मी आत काकूंकडे पाहिलं. त्यांनी काही खूण केली नाही, लाटणं मात्र जरा जास्तच जोरात चालायला लागलं. मी पुढचं नाव वाचलं.

जुना फोन आतून पूर्ण पुसून द्या, असं त्यांनी सांगितलं, तसा मी पुसून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली तेव्हा काका स्वतः गेटापर्यंत गेले आणि ई-वेस्टच्या डब्यात त्यांनी तो हलकेच ठेवला. टाकला नाही, ठेवला. गाडी वळेपर्यंत ते तिथेच उभे होते.

नवा फोन अगदी गुणी निघाला. टॉर्च सांगितल्याशिवाय लागेना, 'ठीक' लिहिलं की 'ठीक'च जाई, सेक्रेटरी परत समोरून यायला लागले. दुपारचा गजर मात्र बंद झाल्यामुळे काकूंचा चहा कधी लवकर तर कधी उशिरा व्हायला लागला. पहिले काही दिवस काका येईल त्याला तो फोन दाखवत. "एक फॉल्ट नाही आला पलीकडून. एक." नंतर हे सांगणं कमी झालं. फोन टेबलावर पडलेला असायचा, काका पेपर उघडून बसलेले असायचे आणि पान उलटत नसे.

एका संध्याकाळी त्यांनी खालून हाक मारली, "मॅडमजी, जरा रिंग द्या बरं." मी दिली. खाली फोन खणखणीत वाजला.

"वाजतोय," मी वरून म्हटलं.

"हो," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत, "मग येत का नाही?"

"काय येत नाही?"

"काही नाही. नेटवर्क बघून राहिलो होतो."

त्यानंतर रोजच मला रिंग द्यावी लागे. कंपनीला शिव्या झाल्या, सिमकार्ड दोनदा काढून पुसून घातलं, टॉवरची दिशा बदलली असेल असंही एक निदान झालं. मी एकदा धीर करून म्हटलं, तुम्हीच करून बघा ना कुणाला तरी. "कोणाला करू?" त्यांनी विचारलं, आणि मला आठवलं की तो नंबर आता आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. काकांना तो पाठ नव्हता. कधी लावावाच लागला नव्हता. काकूंच्या छोट्या फोनमध्ये तर मुलगी, दूधवाला आणि मी, एवढेच होतो.

त्याच सुमारास लालबागच्या मैदानावर मेळा लागला. काकांना गर्दीचा तिटकारा, तरी स्वतःहून म्हणाले, मॅडमजी, चक्कर मारून येऊ. माझ्या स्कूटरच्या मागे बसून आले. मेळ्यात त्यांनी काही घेतलं नाही, काही खाल्लं नाही. मैदानाच्या कडेला, जिथून मागच्या वस्तीचा रस्ता फुटतो, तिथे जाऊन उभे राहिले. "या बाजूला काय आहे?" त्यांनी मला विचारलं. या शहराच्या गल्लीगल्लीतला खांब ज्यांना ठाऊक, ते मला, सांगलीहून आलेल्या मुलीला, विचारत होते. मी म्हटलं, "घरं आहेत. जाऊन बघू या का?" त्यांनी खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला. "नको. ही वाट बघत असेल. चला."

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मी बाहेरच्या जिन्यावर कपडे वाळत घालत होते. गेटाशी ई-रिक्षा थांबली आणि तिच्यातून एक बारीक, वाकलेले, कानटोपी घातलेले आजोबा काठी टेकत उतरले. गेट न उघडता ते आधी बाहेरूनच घराकडे बघत राहिले. दाराशी किती चपला आहेत, अंगणात खुर्च्या मांडल्यात का, असं ते बघत होते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी खाली गेले.

"बेटा, वीज मंडळवाले इथेच राहतात ना?" त्यांनी विचारलं. त्या एवढ्याशा देहातून तो भरदार आवाज निघाला आणि मी चमकले. "घरात सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, हो, सगळं ठीक.

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग व्हरांड्याकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाले, "ते तिथे बसलेत ते कोण? त्याचे थोरले भाऊ आलेत काय?"

व्हरांड्यात काका बसले होते. मळका स्वेटर, दाढी वाढलेली, मांडीवर पेपर.

"तेच आहेत ते," मी सांगितलं.

आजोबांनी परत एकदा पाहिलं, बराच वेळ. "अच्छा," म्हणाले, आणि गेट उघडून चालू लागले.

काकांनी मान वर केली. "कोण पाहिजे?"

"जिवंत आहेस तर," पाहुणे म्हणाले.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचे डोळे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते आणि ते तिथे सापडत नव्हतं. मग ते हळूच उठून उभे राहिले. "तू," म्हणाले.

"मग कोण? इतके दिवस झाले, फोन नाही तुझा. मला वाटलं, गेलास, भैया."

"गेलो असतो तर हिनं कळवलं नसतं का?"

"कुठून कळवणार? वहिनींकडे नंबर आहे माझा?"

"मग तू करायचास."

"मी कशाला करू? मी कधी केलाय?"

"फोन करवत नाही आणि इथवर आलास?"

"फोन केला असता तर मी केला, असं झालं असतं," पाहुणे काठी भिंतीला टेकवत म्हणाले. "येणं वेगळं. या बाजूला काम होतं माझं."

काकू आतून आल्या, "भाऊजी, बसा," एवढंच म्हणून परत आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी पोह्यांवर शेव इतकी घातली की पोहे दिसेनात. दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून खात होते. मला वाटलं होतं, आता तासभर गप्पा उसळतील. पण स्पीकरवर ज्यांचं बोलणं संपता संपत नसे ते दोघं समोरासमोर आल्यावर गप्प झाले होते. एकानं दुसऱ्याच्या काठीकडे पाहिलं. दुसऱ्यानं पहिल्याच्या थरथरणाऱ्या चमच्याकडे पाहिलं. मेट्रोचा विषय निघाला आणि लगेच संपला.

"नंबर बदललास काय?" शेवटी पाहुण्यांनी विचारलं.

"नाही. फोन बदलला."

"आणि माझा नंबर?"

काकांनी बशी खाली ठेवली. "आला नाही त्यात," ते म्हणाले. "ट्रान्सफरमध्ये फॉल्ट झाला. या मॅडमजींनी केलं होतं."

मी मान डोलावली. आत काकूंच्या हातून काहीतरी भांडं पडलं.

"होतं कधी कधी," पाहुणे मला समजुतीनं म्हणाले. "नव्या लोकांचं काम." त्यांनी नंबर सांगितला, मी नव्या फोनमध्ये घातला आणि काकांकडे पाहिलं. "नाव काय लिहू?"

"नावच लिहा," काका म्हणाले. "त्याला नाव आहे."

उन्हं वर आली तशी त्यांची जायची वेळ झाली. रिक्षा बोलावली. काकांनी मित्राला हात देऊन पायऱ्या उतरवल्या. कोण कुणाला धरून होता ते सांगणं कठीण होतं. रिक्षात बसताना पाहुण्यांनी विचारलं, "आता तुझा फोन चांगला झाला. मग करणार कोण?"

"बघू," काका म्हणाले.

रिक्षा कोपऱ्यावर वळली. काका गेटाला धरून उभे होते, मी शेजारी.

"म्हातारा झाला हो तो," ते म्हणाले. "आवाजावरून कळत नव्हतं. एवढ्या वर्षांत कधी कळलं नाही. मी तर ओळखलंच नाही त्याला, मॅडमजी. दिसलं असेल तुम्हाला."



त्यांनी गालावरून, वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. रस्त्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "मला मात्र त्यानं लगेच ओळखलं, नाही?"

"लगेच," मी म्हटलं. "गेटातूनच."